शेवटचा रुग्ण

विषाणूमुळे झालेल्या न्यूमोनियात कोलेस्टेरॉलची गोळी जीव वाचवते का, हे आमची चाचणी तपासत होती. निम्म्या रुग्णांना खरी गोळी मिळायची, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाला कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसायचं. मुख्य अट एवढीच, की रुग्ण ही गोळी आधीपासून घेणारा नको.

"शेवटचा एक रुग्ण हवाय हो बाबा," जेवताना मी कुरकुरले. "पण या वयात गोळी न घेणारा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडत नाही."

"आणि तुझा बाप बसलाय वर्षानुवर्षं गोळ्या गिळत! काही कामाचा नाही मेला," बाबा हसत म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी परिषदेसाठी परगावी असताना त्यांना ताप आला आणि न्यूमोनिया होऊन ते आमच्याच रुग्णालयात दाखल झाले. धावत परतले, तोवर त्यांच्या घशात नळी होती आणि छाती यंत्राच्या तालावर हलत होती.

"डॉक्टर, त्यांची कोलेस्टेरॉलची गोळी चालू ठेवलीत ना?"

"कुठली गोळी?" डॉक्टर गोंधळल्या. "ते तर म्हणाले, मी कधीच घेतली नाही. म्हणून तर चाचणीत घेतलं त्यांना. नळी घालायच्या आधी तुझ्यासाठी काहीतरी निरोपही दिलाय, मला काही कळला नाही बाई..."



"'लेकीला म्हणावं, दिवा ठेव आता खाली. सापडला.'"