चारच्या नोंदी

नऊ वर्षांच्या निकिताने टॅबवरचं ‘भीती वाटते’ हे चित्र तीन आठवड्यांत सतरा वेळा दाबलं होतं, आणि प्रत्येक नोंद दुपारी चारच्या आसपासची होती. निकिताला बोलता येत नाही. तिच्यासारख्या मुलांसाठी हे ॲप विशेष शिक्षिका राजेश्रीने स्वतः तयार केलं होतं. उद्या ते पाहायला पुण्याची कंपनी येणार होती. पसंत पडलं तर राजेश्रीला तिथे नोकरी होती. ऐन वेळी चौकशीचा घोळ नको, म्हणून या नोंदी तिने ‘तांत्रिक चूक’ या रकान्यात टाकल्या होत्या.

“काढूनच टाका की त्या, मॅडम,” मुख्याध्यापक म्हणाले. “चांगलं व्हायलंय तुमचं.”

चार वाजले. निकिताला घरी, राणीसावरगावला नेणारी शाळेची जीप रोजच्यासारखी दारात येऊन थांबली. ड्रायव्हर महारुद्र हसत आत आला.

“चल गं बाई, उशीर व्हायलाय. आज तू एकटीच हायस.”

निकिताने टॅब दाबला. त्यातून राजेश्रीचाच रेकॉर्ड केलेला आवाज आला, “भीती वाटते.”

महारुद्र हसला. “लय बोलतंय मशीन.”

राजेश्री दोघांच्या मध्ये उभी राहिली.

“निकिता या जीपमध्ये बसणार नाही,” ती म्हणाली. “सर, मी पोलिसांना बोलावतेय.”