बांधापलीकडच्या शेंगा

“मॅडम, ती शेंग खाऊ नका!”

माणिकराव जवळजवळ ओरडलेच. अपेक्षा मॅडमचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. सोललेले हिरवे दाणे तळहातावर तसेच राहिले. त्यांच्याबरोबर परभणीहून आलेली सन्मान समितीची माणसं चमकून माणिकरावांकडं बघायला लागली.

झरीच्या शिवारातली ही तूर बघायलाच ती आली होती. कित्येक वर्षं माणिकरावांनी तुरीवर विषारी औषध मारलं नव्हतं. तुरीच्या ओळींमध्ये ते ज्वारी पेरायचे. ज्वारीच्या कणसांवर पाखरं यायची आणि तुरीवरच्या आळ्याही टिपून न्यायची. डोकं त्यांचं स्वतःचं होतं, कष्टही त्यांचेच. गावोगावचे शेतकरी येऊन बघून गेले होते. यंदा त्यांचा जिल्ह्यात सन्मान व्हायचा होता.

पण यंदा ऐन शेंगा भरताना आभाळ धरून राहिलं. रस्त्याकडच्या तुरीत आळी वाढली. पाहुणे गाडीतून उतरणार ते तिथंच, आणि पोखरलेल्या शेंगाच त्यांना आधी दिसणार. थोडा धीर धरला असता तर पाखरांनी आवरलंही असतं. माणिकरावांना तेवढा धीर निघाला नाही. परवा त्यांनी पाठीवर पंप घेतला आणि रस्त्याकडची तूर फवारून काढली. घरातसुद्धा कुणाला सांगितलं नाही.

“का हो? काय झालं?” मॅडमनी विचारलं.

खरं सांगून मोकळं होता आलं असतं. पण माणिकरावांची नजर बांधापलीकडं गेली. तिथं सिद्धोधन उभा होता. त्याची तूर बांधाला लागूनच होती.

“शेजारच्या वावरात फवारणी झालीय,” ते म्हणाले. “वाऱ्यानं इकडं उडतं. आपण कितीबी जपलं तरी...”

सगळ्यांच्या माना सिद्धोधनकडं वळल्या. त्यानं बोलायला तोंड उघडलं, माणिकरावांकडं बघितलं आणि मिटून घेतलं. त्याच्या तुरीला पाणी माणिकरावांच्या विहिरीचं होतं.

“शेजारी एवढं चांगलं काम चाललंय,” मॅडम त्याला समजावायला लागल्या, “आणि तुम्ही विष मारता? यांच्याकडून काहीतरी शिका.”

“व्हय मॅडम,” सिद्धोधन खाली बघत म्हणाला. “त्यांचंच बघून शिकायलोय.”

त्याच्याही तुरीत ज्वारीची ताटं उभी होती. पाहुण्यांपैकी कुणी तिकडं नीट बघितलं नाही. माणिकरावांना मात्र आता ती ताटंच दिसायला लागली. त्यांचे कान तापले. मान वर करवेना.

तेवढ्यात सिद्धोधनची बायको, सुलाबाई, परात घेऊन आली. वावरातच दगडांची चूल मांडून तिनं मीठ घालून शेंगा उकडल्या होत्या. परातीतून वाफ निघत होती. मोठी माणसं आपल्या बांधापर्यंत आली याचाच तिला आनंद. मघाचं तिनं काही ऐकलं नव्हतं.

“घ्या मॅडम. आमच्याच वावरातल्या हायत. लय गोड हायत.”

कुणाचाच हात पुढं आला नाही.

“नको ताई. राहू द्या,” मॅडम मागं सरकत म्हणाल्या. एकजण मोबाईलमध्ये बघायला लागला. दुसऱ्यानं आत्ताच चहा झाल्याचं सांगितलं.

सुलाबाईनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. तिचं हसू हळूहळू उतरलं. तिनं पदर ओढून परात झाकली.

“बरं,” ती म्हणाली. “आमच्या घरचं चालत नसंल. माझ्याच ध्यानात यायला पायजे हुतं.”

“अहो ताई, तसं नाही!” मॅडम गडबडल्या. “आम्ही असलं काही पाळत नाही हो. औषधामुळं...”

“कसलं औषध?” सुलाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. सिद्धोधन पायानं ढेकूळ फोडत उभा होता.

धरणीनं पोटात घ्यावं असं माणिकरावांना झालं. बांध ओलांडून आपण पलीकडं कधी गेलो, हे त्यांचं त्यांना कळलं नाही. परातीपुढं त्यांनी ओंजळ धरली.

“सुलाबाई, मला द्या.”

सुलाबाई घुटमळली. मग तिनं परातीवरचा पदर काढला आणि ओंजळीत शेंगा घातल्या. माणिकराव तिथंच उभ्यानं खायला लागले.

“माणिकराव, अहो, फवारलेल्या आहेत ना त्या?”

“न्हाई मॅडम.” त्यांनी हातातलं टरफल टाकलं. “ह्या वावरात औषधाचा थेंब पडला न्हाई. फवारलं ते मी. माझ्या तुरीवर. तुमी येणार म्हणून. आन् नाव ह्याचं घेतलं.” ते सिद्धोधनकडं वळले. “चुकलो रे.”

“जाऊ द्या दादा,” सिद्धोधन एवढंच म्हणाला.

मॅडमनी हातातले दाणे मातीत टाकले. रुमालानं तळहात पुसला. बांध ओलांडून त्या सिद्धोधनच्या तुरीत शिरल्या. बाकीचे मागोमाग गेले. ज्वारीवरची पाखरं भुर्रकन उडाली.

सन्मान गेला, हे माणिकरावांना कळलं. तरी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. खोटं बोललो, कबूल केलं. आता लाजण्यासारखं काही उरलं नाही, असं त्यांना वाटलं.

“आणखी घ्या की दादा,” सुलाबाई परात पुढं करत म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. उलट ती हरखली होती. “बांधाला बांध लागून आमचं आयुष्य गेलं. आमच्या हातचं तुमी आज पहिल्यांदा खाल्लं.”