पाळी आणायची गोळी

सून शर्वाणीला दिवस गेले, तर प्रमिलाताईंचा फायदाच फायदा होता. मांडीवर नातवंड येणार होतं, बोटीवर नोकरीला असलेल्या, सध्या सुट्टीवर घरी आलेल्या मुलाला घरची ओढ लागणार होती आणि धाकट्या जावेचं तोंड बंद होणार होतं. शर्वाणीच्या देवपूजेत दोन महिन्यांत एकदाही खंड पडला नव्हता, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

अशात सुनेच्या कपाटात गोळ्यांची डबी आणि डॉक्टरांची चिठ्ठी सापडली. शेजारच्या नर्सबाई चिठ्ठी वाचून म्हणाल्या, "पाळी आणायची गोळी आहे ही."

ताईंच्या काळी अशी गोळी एकाच कामाला घेत. सून गुपचूप पाडायला निघाली, या धसक्याने त्यांनी गोळ्या मोरीत सोडल्या आणि डबीत आपल्या व्हिटॅमिनच्या भरल्या.

पंधरा दिवस शर्वाणी सारखी बाथरूमला जाऊन येई आणि तोंड पाडून बसे. शेवटी ताईंनी तिच्यापुढे खिरीची वाटी ठेवली. "खा आता दोघांपुरतं. तुझ्या गोळ्या मी केव्हाच बदलल्यात!"

शर्वाणीने वाटी बाजूला सारली. "आई, पोटात काही नाहीये हो! पीसीओडी आहे मला, पाळी आपणहून येतच नाही. ती आली की मूल राहायचं औषध सुरू होणार होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"धाकट्या काकूंपर्यंत गेलं असतं म्हणून. आता हे परवा बोटीवर चाललेत."

"पुढची सुट्टी कधी त्याची?"

"नऊ महिन्यांनी."

चूक ताईंची होती. नऊ महिने मात्र शर्वाणीने भरायचे होते, तेही रिकाम्या पोटी.