उरलेल्या खुर्च्यांचे पैसे

“तर मग, फ्राऊ बनसोडे, तुम्ही एकट्याच उरलात,” परीक्षा कार्यालयाच्या फ्राऊ ब्रेम, म्हणजे ब्रेमबाई, दारातूनच म्हणाल्या, आणि कीर्तीचे नुकतेच जंतुनाशक चोळलेले हात तसेच हवेत राहिले.

हॉलमध्ये मागे कलणाऱ्या चार खुर्च्या होत्या. त्यातल्या शेवटच्या खुर्चीवर तिच्या सासूबाई, अंजनाबाई, केसांना पांढरी पट्टी बांधून आणि गळ्यापर्यंत टॉवेल ओढून आडव्या झाल्या होत्या. ब्यूटिशियनच्या परीक्षेला ज्याच्यावर हात चालवायचा तो माणूस आपला आपण आणायचा, असा इथला, जर्मनीतला दंडक. चेहऱ्यावर लव हवी, भुवया वाढलेल्या हव्यात. अंजनाबाईंनी दोन्ही मन लावून जोपासलं होतं. सुनेच्या परीक्षेसाठी सासूने मिशा राखल्याचं उदाहरण डार्मश्टाटात काय, अख्ख्या सातारा जिल्ह्यात सापडायचं नाही. मुलाच्या साहेबांकडे जेवायला गेल्या तेव्हाही बाई तोंडाला पदर लावून बसल्या, आणि साहेबांच्या बायकोला वाटलं, यांचा दात दुखतोय.

“चौघींची नावं होती,” फ्राऊ ब्रेम सांगत होत्या. “दोघी आधीच गळाल्या. तिसरीला आज सकाळी ताप भरला. निदान दोघी असल्याशिवाय परीक्षा घेता येत नाही. एकीच्या फीमध्ये परीक्षकांचा खर्च भागत नाही.”

“पण परीक्षक तर आलेत ना?”

“आलेत. आता घरी जातील.”

शेजारच्या खोलीतून त्यांच्या कपबशांचा आवाज येत होता.

“आणि पुढची परीक्षा?”

“फेब्रुवारीत.”

फेब्रुवारी म्हणजे सगळं मुसळ केरातच. स्टेशनजवळच्या पार्लरच्या मालकीणबाईंनी कीर्तीसाठी जागा राखून ठेवली होती ती जुलैपर्यंत, आणि तीही दाखला आणला तरच. कराडला स्वतःचं पार्लर चालवलेली बाई इथं आल्यापासून घरात बसून होती. नवऱ्याच्या, यशपालच्या, दोन्ही हातांवर मेणाच्या पट्ट्या ओढून ओढून तिने सराव केला होता. बिचारा उन्हाळ्यातही ऑफिसला पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून जात होता.

“काय म्हनती गं ती?” अंजनाबाईंनी झोपल्या झोपल्याच विचारलं.

कीर्तीने सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज कापायला लागला. अंजनाबाई कोपरावर उठून बसल्या.

“मग त्यात रडायचं काय? आपल्याकडं वडाप कसं चालतं? जीप भरल्याबिगर डायवर हलत न्हाई. पन आपल्याला घाई असंल तर मोकळ्या शिटांचं पैसं आपन द्यायचं, की सुटली गाडी. दिनकरच्या लग्नाला मी एकटीनं आख्खी जीप न्हेलीया. इचार तिला.”

दिनकर म्हणजे अंजनाबाईंचा धाकटा भाऊ. त्याचं लग्न होऊन तीस वर्षं झाली असतील, पण युक्ती अजून खणखणीत होती. कीर्तीला एकदम धीर आला. अशी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये याचं तिला हसूही आलं. ती फ्राऊ ब्रेमकडे वळली.

“बाकीच्या तिघींची फी मी भरते. चारही खुर्च्या माझ्या. आत्ता, कार्डाने.”

फ्राऊ ब्रेमनी चष्मा काढला.

“नाही हो. एका उमेदवाराकडून एकच फी. त्याला कायद्याने मर्यादा घातलेली आहे. वर एक सेंटसुद्धा मला घेता येणार नाही.”

“पण मी आपण होऊन देतेय.”

“आपण होऊन दिलेलेही नाही. पूर्वी अडलेल्या मुलींकडून काही ठिकाणी वाट्टेल ते उकळायचे. विशेषतः बाहेरून आलेल्यांकडून. म्हणून तर हा नियम केला. तुमच्याच संरक्षणासाठी आहे तो.”

भीक नको पण कुत्रं आवर, असं जर्मनमध्ये कसं म्हणतात ते कीर्तीला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी ती म्हणाली नसती. फ्राऊ ब्रेमचाच चेहरा पडला होता. बाई वाईट नव्हती. वाईट असती तर निदान भांडता आलं असतं.

“तुमची भरलेली फी मात्र पूर्ण परत मिळेल,” त्या म्हणाल्या. एवढं एकच त्यांना देता येत होतं, आणि ते त्यांनी फार मनापासून दिलं.

कीर्तीने मान डोलावली. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

“चला आई,” ती म्हणाली. “उठा. घरी गेलो की तुमचा चेहरा करून देते. शनिवारचं विमान आहे, असंच कसं जाणार गावाला?”

अंजनाबाई उठल्या नाहीत. उलट परत मागे रेलल्या आणि टॉवेल नीट ओढून घेतला. फ्राऊ ब्रेम एकेका खुर्चीवरचा दिवा मालवत येत होत्या. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी त्या थांबल्या. त्यांनी आधी अंजनाबाईंकडे पाहिलं, मग कीर्तीकडे.

कीर्ती खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसली. स्वच्छ केलेले हात तिने अजूनही कुठे लागू नयेत म्हणून वरच धरले होते.

“रस्त्याकडं बघ जरा,” अंजनाबाई डोळे मिटून म्हणाल्या. “येईल कोनतरी. पन उतरू नगंस. उतरलं की शीट जाती.”