पुढचा हट

मानकोलीच्या गोदामाच्या फाटकावर ड्युटीला असलेल्या कोंडूला लेकीचा हिमालयातून फोन आला. "बाबा, दिवसभर दरीतून चालले. आजचा हट आला, उद्या पुढचा हट." कोंडू खुर्चीतून ताडकन उठला. "कोन हट म्हनतंय तुला?" लेक हसली. "बाबा, हट म्हणजे झोपडी. रोज नव्या झोपडीत मुक्काम, असाच ट्रेक असतो." कोंडू आणखीच चक्रावला. ह्याच गोदामाच्या जागी त्यांची झोपडी होती. ‘हट, हट’ करत बुलडोझर आला तेव्हा ही पोर कडेवर होती. झोपडीतून सुटावी म्हणून तिला शिकवलं, तर ही झोपड्या हुडकत चाललीय! "आन लोकं घरात घेतात तुला?" "म्हणजे काय! निघताना ‘परत ये’ म्हणतात." मागून ट्रकवाला ओरडला, "चाचा, हट!" कोंडू सवयीनं बाजूला सरला. मग हळूच म्हणाला, "पोरी, त्या लोकांना कुनी हट म्हनत न्हाय?"