कोरा गाल

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी थोरल्या सुनेचा उजवा गाल उजळला आणि घरात अनर्थ झाला. कारण त्या गालाने सहा वर्षांत पाण्याखेरीज काही चाखलंच नव्हतं.

थोरली ब्लॉग लिहायची. तोंडाला काय लावावं, अंगावर काय घालावं, याचा. नियम मात्र शाळामास्तरणीसारखे. नवी क्रीम अठ्ठावीस दिवस फक्त डाव्या गालाला लावायची, उजवा कोरा. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो तिला मान्य नव्हते. दोन दिवसांचा उजेड सारखा नसतो, लोक फसतात, म्हणून शेवटच्या दिवशी एकच फोटो, दोन्ही गाल एका चौकटीत. खिडकीजवळची तीच खुर्ची, आणि फोटोवर कसलीही हातसफाई नाही. तिने "बरी आहे" एवढं म्हटलं की बाटल्या दुकानातून उठून आपल्या पायांनी घरोघर चालत जातात, असं तिचा दीर सांगायचा. तो थोडं फुगवून सांगायचा, पण फार नाही.

काल खिडकीशेजारची भिंत रंगवली होती. ओल्या रंगाला लागू नये म्हणून कुणीतरी खुर्ची तोंड फिरवून उलटी मांडून ठेवली होती. एरवी डावा गाल खिडकीकडे असायचा, आज उजवा होता. एवढंच झालं होतं.

थोरलीने खुर्ची पूर्वीसारखी केली आणि फोटो काढला. डावा गाल उजळ. परत उलटी केली. उजवा उजळ. चौथ्यांदा फिरवताना खुर्चीचा पाय करकरला, तेव्हा कोपऱ्यात सदऱ्याला बटण लावत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली.

"काय गं, चक्कर येईल त्या खुर्चीला. किती फिरवशील?"

"आई, सहा वर्षं मी क्रीम तपासतेय असं समजत होते. खिडकी तपासत होते."

सासूबाईंनी दोरा दातांनी तोडला. मग सुई सदऱ्यातच राहिली.

"म्हणजे ती डागावरची क्रीम..."

"तीसुद्धा."

डागावरच्या त्या क्रीमला थोरलीने तीन वर्षांपूर्वी नावाजलं होतं, आणि तिच्यावर सगळ्यांत आधी विश्वास ठेवला तो घरातल्याच धाकट्या सुनेने. तिचा डावा गाल वाफेने भाजलेला. दवाखान्यातल्या फोटोत डाग काळाकुट्ट होता. त्यानंतरचे सगळे फोटो थोरलीने याच खुर्चीत काढले. त्या प्रत्येकात डाग फिका. आरसाही याच खिडकीशी टांगलेला. हळूहळू धाकटीने तोंडाला बांधायचा रुमाल सोडला, बाजारात जाऊ लागली, आणि आज अकरा वाजता दातांच्या दवाखान्यात दाराशी बसून पेशंटची नावं लिहून घ्यायच्या नोकरीसाठी तिला बोलावणं होतं.

"खुर्ची होती तशी ठेव आणि जिभेला कुलूप घाल," सासूबाई म्हणाल्या. "पोर कुठे आता मान वर करून चालायला लागलीय. तुझ्या खरेपणाचं काय लोणचं घालायचंय?"

"आणि ज्यांनी माझं वाचून..."

"त्यांना सांग की! हिला नको. निदान आज नको. उद्या सांग."

"आज नोकरी लागली तर उद्या मला सांगवेल, आई?"

सासूबाईंनी सदऱ्यातली सुई काढली. थोरलीने विचारलं, "तुम्हाला खरंच डाग कमी दिसतो?"

"मी कुठे डाग बघते? मी तिला बघते."

तेवढ्यात धाकटी आलीच. कडक इस्त्रीचे कपडे, केस घट्ट बांधलेले, हातात कागदांची फाइल.

"ताई, पटकन एक फोटो काढा ना. बघून निघाले की धीर येतो."

दोघींचे चेहरे पाहून ती उंबऱ्यातच थांबली. "काय झालं? कुणी गेलं का?"

थोरलीने सांगितलं. चार वाक्यांत, काही न लपवता. "माझं चुकलं" हे पाचवं. सासूबाईंनी सदरा तोंडापुढे धरला होता, जणू बटण नीट दिसत नव्हतं.

धाकटीने खिडकीकडे बघितलं.

"म्हणजे डाग होता तेवढाच आहे."

"हो."

"आणि मी वर्षभर तसाच घेऊन बाजारात हिंडतेय."

"हो गं."

"आणि भाजीवाली रोज घासाघीस करते माझ्याशी, ती तो बघूनच करते?"

धाकटीने एकदा हात गालाकडे नेला, पण लावला नाही.

"ब्लॉगवर लिहिणार तुम्ही?"

"आजच. सहा वर्षांचं सगळं."

"लोक सोडायचे नाहीत तुम्हाला."

"नसू देत."

"नुसतं लिहून कुणाला पटणार नाही, ताई. तुमच्या गालावर आहे काय दाखवण्यासारखं?"

तिने फाइल सासूबाईंच्या मांडीवर ठेवली आणि खुर्ची जशी उलटी होती तशीच ठेवून तिच्यात बसली. खिडकी उजवीकडे. डावा गाल सावलीत, आणि सावलीत डाग पूर्ण दिसत होता, कानापासून जबड्यापर्यंत, कडेच्या बारीक सुरकुत्यांसकट.

"माझा टाका," ती म्हणाली.

थोरलीने कॅमेरा उचलला. बटण दाबलं. धाकटीने हात पुढे करून फोटो पाहायला मागितला, नीट पाहिला आणि परत दिला.

"हात हललाय तुमचा. हा चालणार नाही. परत काढा."