सीटबेल्ट काढा!
हिवाळ्यात समुद्र गोठला की आमच्या हीउमा बेटावरून गाड्या बर्फावरूनच पलीकडे जातात. बर्फावर उतरायच्या फाटकावर ड्यूटी माझी. प्रत्येक खिडकीत डोकावून मी ओरडतो, “सीटबेल्ट काढा! बर्फ फुटला तर उडी मारता आली पाहिजे. आणि मध्ये थांबायचं नाही, बर्फ खचतो!” पाद्रीबाबांनाही सोडत नाही. आज सुट्टी, म्हणून आईला मावशीकडे घेऊन निघालो. घरी तिचा बेल्ट मीच लावला होता. फाटकाशी फक्त माझा काढला. वाटेत बर्फ कडकडला, तशी ती कमरेशी चाचपडू लागली. “काय चुळबुळ चाललीय? गप बस बघू!” मी खेकसलो. ती बसली. किनाऱ्यावर दार उघडलं, तर बेल्ट तसाच. बटण दाबून दाबून संधिवाताची बोटं लाल झालेली. “अगं, सांगायचंस ना!” माझी मान वर होईना. “सांगितलं असतं तर तू गाडी थांबवली असतीस, ऊर्मस.”